एकशे पाच पौंडांची ओपल

११ ऑगस्ट

घेऊन आला! मला न विचारता, न सांगता घेऊन आला! शनिवारी दोघांनी मिळून बघायला जायचं ठरलं होतं. लाइल आजच एकटा गेला आणि सही ठोकून आला. वर मलाच ऐकवतो — "सवलत आजच्या दिवसापुरती होती, ट्रुडी." सवलत नेहमी आजच्या दिवसापुरतीच असते!

छत्तीस फूट लांब, चाकांवरचं घर. बटण दाबलं की तीन भिंती बाहेर सरकतात. खोटी शेकोटी, तिच्यात खोटा जाळ. पलंगावर आठ उशा. माझं शिवणयंत्र कुठे ठेवायचं म्हणून विचारलं, तर म्हणे जेवणाच्या टेबलावर.

आमचा ट्रक त्याने वर्षापूर्वी घेतला तोही असाच, रंग बघून. आता हे घर मागे आकड्याला अडकवून ओढायचं नसतं. त्याची मान ट्रकच्या हौद्यात मधोमध टेकते. म्हणजे घराच्या वजनाचा पाचवा हिस्सा तरी ट्रकच्या पाठीवर येणार. विकणाऱ्याला मीच फोन केला आणि एवढंच विचारलं, की सामान भरल्यावर पाठीवर किती येईल? "मॅडम, तुमचा ट्रक पंधरा हजार पौंड आरामात ओढतो!" मी म्हटलं, ओढतो किती ते विचारलं नाही, पाठीवर घेतो किती ते विचारलं. तर म्हणे, "असं करा ना, साहेबांना फोन द्या."

दिला नाही. आपटला!

माझ्या वडिलांकडे घोडे होते. सोळाव्या वर्षापासून मी घोड्यांचा डबा जोडून बाजाराला जात आलेय. घोडा त्याच्या दुप्पट वजनाची गाडी ओढतो. तेच वजन त्याच्या पाठीवर ठेवून बघा म्हणावं.

१२ ऑगस्ट

लाइलशी बोलणं बंद केलंय. त्याला अजून कळलेलं नाही.

१४ ऑगस्ट

बोलावंच लागलं. ओपलला डॉक्टरकडे न्यायचं होतं.

ओपल म्हणजे माझी सासू. अठ्ठ्याऐंशी वर्षांची. सासरे गेल्यापासून आमच्या मागच्या खोलीत राहते. माझी कॉफी पातळ, माझे पडदे भडक, माझा आवाज मोठा — सगळं ऐकवून झालंय. मीही काही कमी ऐकवलेलं नाही. पण युमाला जायचं ठरलं तेव्हापासून बाई बदलली. तिची धाकटी बहीण व्हर्ना तिकडे ॲरिझोनात असते. दर रविवारी चर्चनंतर दोघी फोनवर बोलतात. दोघी बहिऱ्या, त्यामुळे सगळ्या गल्लीला ऐकू जातं. तोंड मात्र किती वर्षांत बघितलेलं नाही एकमेकींचं. विमानात ओपल बसत नाही. मेले तरी बसणार नाही म्हणते.

म्हणून हा सगळा घाट. घर विकलं. तीस सप्टेंबरला किल्ल्या द्यायच्या. मग तिघांनी नेब्रास्काच्या बर्फाला रामराम करून युमाला हिवाळा काढायचा, व्हर्नाच्या शेजारी.

डॉक्टरकडे ट्रकचं दार उघडलं तेव्हा कडेला चिकटवलेला पिवळा कागद वाचला. सगळ्या ट्रकांना असतो, कुणी वाचत नाही. माणसं आणि सामान मिळून ३१०० पौंडांच्या वर जाता कामा नये, असं स्पष्ट लिहिलंय. माणसंसुद्धा! म्हणजे मी, लाइल, ओपल, मान टेकायला हौद्यात बसवलेलं लोखंडी कडं, लाइलची हत्यारपेटी, वर घराची मान. सगळं त्या एका आकड्यात.

लाइलला दाखवलं. "ते वकिलांसाठी लिहितात," म्हणाला.

१९ ऑगस्ट

शेजारचा मर्व येऊन गेला. त्याच्याकडेही असलंच एक धूड आहे. बायकांशी बोलताना मर्व आवाज थोडा वाढवतो, आपण सगळ्या ओपलसारख्या बहिऱ्या आहोत असं समजून.

"वजनबिजन काही बघू नका वहिनी! मी याच्याहून मोठं याच्याहून लहान ट्रकने कॅनडापर्यंत नेलंय!"

मग दोघे ट्रकच्या मागे उभे राहून बघत बसले. घर जोडल्यावर ट्रकचं ढुंगण जमिनीला लागायचं बाकी आहे, नाक आभाळात. मर्व म्हणतो हवेच्या पिशव्या बसव. स्प्रिंगांच्या मध्ये रबरी पिशव्या बसवायच्या, हवा भरायची, की मागची बाजू वर! लाइलचा चेहरा असा खुलला की विचारू नका.

२३ ऑगस्ट

पिशव्या बसल्या. लाइलने मला बाहेर बोलावलं. "बघ! बघ आता! सपाट!" पाणसळीची पट्टी आणून ठेवली होती त्याने हौद्यावर.

मी म्हटलं, वाकलेल्या माणसाला मागून काठी लावून सरळ उभं केलं, म्हणून त्याच्या डोक्यावरचं ओझं हलकं झालं का?

"तुला काही चांगलं बघवतच नाही."

पिवळा कागद आहे तसाच आहे. आकडा तोच आहे.

२४ ऑगस्ट

त्याने लोखंडी भट्टी हौद्यात चढवली! मांस धुरावर भाजायची ती. मर्वने हात लावला. दोघांच्या कमरा धरल्या. बरं झालं.

१ सप्टेंबर

काल पहिली फेरी. फार लांब नाही, तलावापर्यंत.

वारा आडवा होता. लाइल म्हणत होता काही होत नाही, काही होत नाही. स्टीअरिंग त्याच्या हातात नुसतं तरंगत होतं हे मला दिसत होतं. पुढच्या चाकांवर वजनच नाही, जमीन धरणार कशी? नदीकडे उतार लागतो, खाली रस्ता हायवेला मिळतो, तिथे थांबायची पाटी आहे. लाइलने ब्रेक दाबला. ट्रक थांबायला बघत होता आणि मागचं घर त्याला ढकलत होतं. पाटी मागे गेली. आम्ही सरळ हायवेच्या मधोमध. धान्याचा ट्रक भोंगा वाजवत आमच्या नाकासमोरून गेला, त्याच्या ड्रायव्हरची दाढी दिसली मला.

मागच्या सीटवरून ओपल म्हणाली, "पुन्हा असं करायचं असेल तर आधी सांग रे लाइल. मी दात काढून ठेवते."

मी हसले. लाइल हसला नाही.

तलावावर पोचलो तर नेहमीचा कार्यक्रम. सगळे पुरुष घडीच्या खुर्च्या टाकून, हातात बिअर घेऊन बसलेले. नवीन येणारा गाडी मागे कशी घेतो ते बघायचं, हीच करमणूक. बायकोने मागे उभं राहून हातवारे करायचे, नवऱ्याने खिडकीतून ओरडायचं. मी हातवारे केले. लाइल ओरडला. तिसऱ्यांदा घर झाडाच्या दिशेने गेलं तेव्हा "माझी डावी की तुझी डावी, मूर्ख बाई!" असं सगळ्यांसमोर म्हणाला.

मी दार उघडलं. "उतर."

"ट्रुडी, लोक बघतायत."

"म्हणूनच म्हणते, उतर."

एका दमात लावलं. कसलं कौतुक त्यात, घोड्यांचा डबा लावायची तसं लावलं. खुर्च्यांवरून टाळ्या वाजल्या. लाइल शेजारच्याला म्हणाला, ट्रक चांगला आहे, मागचा कॅमेरा फार साफ दिसतो.

५ सप्टेंबर

काट्यावर गेलो. मीच नेलं. मालट्रक थांबतात तिथे, पेट्रोलपंपाच्या मागे वजनकाटा आहे. तिघं बसून, सगळं सामान भरून, जसं युमाला निघणार तसंच.

५२० पौंड जास्त.

मला वाटलं होतं तीनशे असेल! चिठ्ठी लाइलच्या मांडीवर ठेवली. त्याने उलटी करून मागे काही लिहिलंय का बघितलं. मागे बर्गरची जाहिरात होती.

६ सप्टेंबर

आज घराचा पुढचा कप्पा रिकामा केला त्याने. त्यातलं वजन सरळ मानेवर येतं, हे आता त्याला कळलं. फार लवकर कळलं! आणि काढलं काय? माझं शिवणयंत्र. माझे दोन बिडाचे तवे. माझ्या आईचं पोळपाटाएवढं ॲपल पाय भाजायचं भांडं. सगळं मिळून साठ पौंड. मी म्हटलं, तुझी हत्यारपेटी सव्वातीनशे पौंडांची आहे. तुझी भट्टी एकशे नव्वद. माझे हे साठ गेलेच, आता तुझी दोन्ही काढ, सगळे बसतो, वर थोडं उरतं.

"हत्यारांशिवाय रस्त्यात काही झालं तर?"

झालं तर तू मर्वला फोन करशील. दरवेळी करतोस.

"आणि भट्टीशिवाय तिकडे मी दिवसभर करू काय?"

हे त्याने खरंच विचारलं! चेहरा अगदी प्रामाणिक. एकोणचाळीस वर्षं मी या माणसाला मोजे शोधून देतेय.

१३ सप्टेंबर

फोन वाजला, मी उचलला. गावाबाहेरच्या वृद्धाश्रमातून. गोड आवाजाची बाई. म्हणाली, ओपलबाईंची आरामखुर्ची मावेल, काळजी करू नका, खिडकीजवळची खोली एक तारखेपासून ठेवलीय.

मला आधी कळेचना. मग कळलं.

लाइल गॅरेजमध्ये होता. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो भट्टीची जाळी घासत उभा होता, मान खाली घालून.

"आकडे आहेत ट्रुडी. मी काय करणार? तूच म्हणालीस ना वजन जास्त आहे! तूच नेलंस काट्यावर!"

माझ्यावरच!

"आई, तिची खुर्ची, तिचा तो चालायचा सांगाडा, एवढं निघालं की बाकीचं पिशव्या सांभाळतील. आणि थोड्या महिन्यांचा तर प्रश्न आहे. वसंतात येऊच ना आपण."

अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी थोडे महिने! मी विचारलं, तिला सांगितलंस? म्हणाला, सांगणारे, योग्य वेळ बघून. मी विचारलं, आणि व्हर्नाला? त्यावर त्याने नळ सोडला, म्हणजे ऐकू आलं नाही असं दाखवता येतं.

एकशे पाच पौंड आहे ती! हाडं आणि चष्मा! तिला काढूनही आकडा बसत नाही, हे मी त्याला कागदावर मांडून दाखवलं. साडेतीनशेच्या वर जास्तच राहतं. त्याने कागद नीट घडी घालून खिशात ठेवला. नंतर बघतो म्हणाला.

१४ सप्टेंबर

ओपलला सांगितलं त्याने. मी दारात उभी होते, मुद्दाम. तो वजनाचं सांगत होता, ट्रकचं, कायद्याचं, सुरक्षिततेचं. सुरक्षितता हा शब्द चारदा आला. मागच्या महिन्यात तोच पिवळा कागद वकिलांसाठी होता!

ओपल ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे मी एकशे पाच, आणि ती भट्टी एकशे नव्वद. आणि मी हरले."

"तसं नाही गं आई."

"मग कसं, ते सांग ना."



१५ सप्टेंबर

रविवार. व्हर्नाचा फोन आला. ओपलने उचलला नाही. वाजून वाजून थांबला.

१७ सप्टेंबर

मर्वने आज कुंपणावरून सल्ला दिला, की म्हाताऱ्या माणसांना प्रवास झेपत नाही वहिनी, त्यांच्या चांगल्यासाठीच असतं ते. मी पाण्याचा पाइप त्याच्या बुटांवर धरला. चुकून.

२० सप्टेंबर

लिहायचं नव्हतं. लिहितेय.

गेले काही दिवस ओपल बटाटे ताटातच ठेवते. मला वाटलं, नाराज आहे, किंवा माझ्या हातचं आवडत नाही, ते तर कधीच आवडत नाही. काल मक्याचं सूप निम्मं ठेवलं. आज सकाळी बाथरूमचं दार अर्धवट उघडं होतं. ती वजनाच्या यंत्रावर उभी होती, गाऊनमध्ये, एका हाताने टॉवेलची दांडी धरून. चष्मा नव्हता. मला म्हणाली, "बरं झालं आलीस. किती दिसतंय वाच जरा."

नव्याण्णव.

"दांडी सोडल्यावर?"

मी म्हटलं, ओपल, हे काय चाललंय? तर म्हणाली, "खुर्ची नको मला. खुर्ची इथेच राहू दे. आणि मी आणखी थोडी उतरले तर लाइलला जरा सोपं जाईल ना, मांडायला."

सोपं जाईल! मांडायला!

मी तिथेच टबाच्या काठावर बसले आणि रडले. रागाने रडले. तिने माझ्या डोक्यावर टॉवेल टाकला, तिला दुसरं काही सुचलं नाही. मग मी तिला स्वयंपाकघरात नेलं, तीन अंडी लोण्यात केली आणि समोर बसून खायला लावली. ती म्हणाली, अंडी जास्त शिजलीत. मी म्हटलं, खा मुकाट्याने.

लाइलला सांगितलं. सगळं, नव्याण्णवपर्यंत. वाटलं होतं, आता तरी. क्षणभर त्याचा चेहरा पडलाही. मग म्हणाला, "ती पहिल्यापासून नाटकी आहे." आणि हवा मोजायचं यंत्र घेऊन पिशव्या तपासायला गेला.

इतकी वर्षं मी याला हट्टी म्हणत आले. हट्टी नाही. हट्टी माणसाला निदान कळत असतं, समोर कोण उभं आहे ते.

२२ सप्टेंबर

ओपलने आज दोन वाट्या सूप घेतलं. मीठ कमी म्हणाली. व्हर्नाचा फोन उचलला, पण येतेय की नाही ते सांगितलं नाही. हवेबद्दल बोलत राहिल्या दोघी. तिकडे ऊन, इकडे वारा.

२५ सप्टेंबर

लाइल अगदी खुशीत. पाच दिवसांत जणू काही झालंच नाही. शनिवारी लिंकनला फुटबॉलचा सामना आहे, तो आणि मर्व जाणार मर्वच्या गाडीने. लाल शर्ट धुवून ठेव म्हणाला. रविवारी आईचं सामान तिकडे हलवू, सोमवारी किल्ल्या देऊ आणि लगेच निघू, असा त्याचा बेत.

शर्ट धुतला. इस्त्रीही केली.

२७ सप्टेंबर

ओपलच्या खोलीत गेले. ती पलंगावर बसून व्हर्नाचा जुना फोटो रुमालात गुंडाळत होती, वृद्धाश्रमात न्यायला. मी दार लावून घेतलं आणि तिला विचारलं. एकदाच विचारलं. तिने फोटो बाजूला ठेवला. मग म्हणाली, "तुझी कॉफी मला वाटभर प्यावी लागेल का?"

लागेल म्हटलं.

२८ सप्टेंबर

कॅन्ससमध्ये आहोत. दोघी.

लाइल सकाळी लाल शर्ट घालून गेला. भट्टी आणि हत्यारपेटी फळी लावून खाली घेतली. मर्वची बायको मदतीला आली, काही विचारलं नाही, जाताना फक्त मला घट्ट धरलं. दोन्ही पोर्चमध्ये नीट ठेवल्यात, वर ताडपत्री घातलीय. त्याचे कपडे, त्याच्या गोळ्या, सगळं बॅगेत भरून तिथेच ठेवलं. शिवणयंत्र परत घेतलं. तवे घेतले. खुर्ची तर घेतलीच. मग काट्यावर गेले. लाइलचंही वजन गेलेलं, पावणेतीनशे पौंड शिल्लक! वारा आडवाच होता, ट्रक रस्ता धरून चालला.

सामना संपल्यावर त्याचा फोन आला. माझ्या हातात स्टीअरिंग, म्हणून ओपलने घेतला. तो बराच ओरडत होता, मला पलीकडून ऐकू येत होतं, घर परवा सोडायचंय, मी जाऊ कुठे?

"खोली आहे ना रे," ओपल म्हणाली. "खिडकीजवळची. तूच ठरवलीस. जेवण पाचला वाढतात, उशीर करू नकोस."